किल्लीच्या भोकातली मधमाशी

माझा धंदा कुलपांचा आणि डोकं तापट. गिऱ्हाईक म्हणालं, "पोरांनी भोकात कचरा कोंबलाय," की मी पोरांना चार शिव्या हासडतो आणि कामाला लागतो. आज सकाळीही तसंच झालं. शाळेतल्या एका बाईंच्या घराचं मागचं दार दोन महिने बंद होतं आणि किल्ली अर्धीच आत जात होती. मी चिमटा घालून ओढलं, तर वाळलेल्या पानांची एक नळी बाहेर आली. करंगळीच्या पेराएवढी. पानांचे गोल गोल तुकडे एकावर एक बसवलेले, आणि कडा अशा सफाईनं कापलेल्या की शिंप्यानं बघत राहावं. आत अजून नळ्या दिसत होत्या.

हे पोरांचं काम? पोरांना स्वतःचा शर्ट धड खोचता येत नाही!

आणि मला एकदम आठवलं. वीस वर्षांपूर्वी आमच्याच दाराच्या कुलपात असलीच पानं निघाली होती, आणि मी माझ्या भाचीचा कान पिळला होता. नऊ वर्षांची होती. "मामा, मी नाही रे, माशीनं घातली, मी बघितलं," असं रडत सांगत होती. "वर थापा मारतेस?" म्हणत मी आणखी पिळला.

तीच भाची आता संग्रहालयात कीटकांच्या विभागात आहे. तीन वर्षं तिनं हे शहर पालथं घातलंय. कुठली मधमाशी, कुठली माशी, कुठला भुंगा कोणत्या भागात सापडतो, त्याचं पुस्तक करतेय. प्रत्येक जातीचा वेगळा नकाशा, आणि सापडली तिथे एक ठिपका. एकच नकाशा कोरा होता, पानं कापणाऱ्या मधमाशीचा. तिचे साहेब म्हणत, ती जात या शहरात नाहीच, आणि लहानपणी पाहिली हा काही पुरावा नव्हे. पुस्तक आज चार वाजता छापायला जाणार होतं, तो कोरा नकाशा वगळून.

मी नळी परत आत सरकवली, अख्खं कुलूप काढलं, बाईंना नवं बसवून दिलं आणि दुकानाकडे सुटलो.

आता माझी एक खोड सांगतो. काढलेलं प्रत्येक जुनं कुलूप मी चिठ्ठी बांधून एका खोक्यात ठेवतो, पत्ता आणि तारीख घालून. कारण लोक सहा महिन्यांनी उगवतात आणि म्हणतात, "आमचं कुलूप चांगलं होतं, कुठे लपवलंत?" बायको त्या खोक्याला सवत म्हणते. मी सवत जमिनीवर पालथी केली आणि एकेक भोक उजेडात धरलं. पानं भरलेली अकरा कुलपं निघाली! अकराही वेळा मी पोरांना शिव्या घातल्या होत्या, गाढवासारखं.

सकाळचं धरून बारा कुलपं पिशवीत कोंबून मी संग्रहालयाचे जिने दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो. घड्याळात साडेतीन झाले होते. भाची टेबलावर पुस्तकाचे कागद बांधत होती, साहेब शेजारी उभे.

"थांब!" मी ओरडलो. "बांधू नकोस!"

पिशवी ओतली तसा टेबलावर खणखणाट झाला. भाचीनं एक कुलूप डोळ्यांजवळ नेलं आणि भोकात निरखून बघितलं.

"मामा, हे कुठलं?"

"चिठ्ठी वाच."

साहेबांनी चष्मा वर ढकलला. "पानं कुणीही घालेल. मधमाशी कुठंय?"

तेवढ्यात बाईंच्या कुलपातून खुडखुड ऐकू आली. आम्ही तिघेही श्वास रोखून वाकलो. पानाचा एक तुकडा हलला, भोक पडलं, आणि आतून दोन जबडे, मग एक डोकं, मग अख्खा जीव बाहेर आला.

"साधी माशी आहे," साहेब म्हणाले.

"पंख मोजा, सर!" भाचीचा आवाज चढला. एरवी ती साहेबांपुढे हूं की चूं करत नाही. "माशीला दोनच असतात. हिला चार आहेत. आणि पोटाखाली बघा, केसांचा पट्टा. पराग पायावर नाही, पोटावर वाहते ही. मामा, खिडकी!"

मी खिडकी आपटून लावली. भाचीनं त्या मधमाशीवर पाण्याचा ग्लास पालथा घातला आणि मटकन खुर्चीत बसली. साहेब भिंग घेऊन पाच मिनिटं त्या ग्लासाभोवती फिरले.

"माझं चुकलं," ते शेवटी म्हणाले. माणूस दिलदार निघाला. "पण नोंद कुलपाची नाही होत, ठिकाण आणि तारखेची होते. चिठ्ठी नसलेला किडा आमच्याकडे कचऱ्यात जातो."

"आमच्याकडेही," मी म्हणालो आणि चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. मी पत्ता सांगायचा, साहेबांनी नळी तपासायची, भाचीनं ठिपका द्यायचा. बाजारामागची गल्ली. दवाखान्याचं फाटक. नदीकाठची गोदामं. पाच मिनिटं उरली तेव्हा कोऱ्या नकाशावर बारा ठिपके होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

"याहून जुनी नोंद?" साहेबांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "वीस वर्षांपूर्वीची, आमच्या घरची. पण ते कुलूप मी तेव्हाच रागानं खरवडून साफ केलं. चिठ्ठी नाही, तारीख नाही." मी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "पोर खरं बोलत होती, साहेब. मी तिचा कान पिळला. चुकलो मी."

भाचीनं पेन उचललं, आमच्या गल्लीवर नेलं, क्षणभर तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

"ठिपका नाही देता यायचा, मामा. नियम तो नियम." तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "पण ते शेवटचं परत एकदा सांग. सरांना नीट ऐकू आलं नसेल."

मी उभा राहिलो आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.