तांबूचा पान्हा

बादलीत जेमतेम दोन धारा पडल्या आणि तांबूनं मागचा पाय असा झाडला, की बादली गडगडत थेट न्हाणीच्या दाराशी गेली. संपदा शेणात बसता बसता वाचली. कमरेवर हात ठेवून तिनं गाईकडे पाहिलं. गाईनं तोंड फिरवलं.

"हिलाही तुझ्या आईचंच वळण," ती नवऱ्याला म्हणाली.

अंबरीशनं मुकाट्यानं बादली उचलून आणली. बायको आणि आईच्या भांडणात तोंड उघडायचं नाही, हे तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता.

भांडण गाईवरूनच झालं होतं. पावसाळ्यात वासरू गेलं आणि तांबू बिथरली. कुकरची शिट्टी झाली की दावं तोडायला बघायची, परका हात लागला की पान्हा चोरायची. सासूबाई, सुहासिनीबाई, कासेला बसल्या तरच दूध. शाळेत शिकवणारी संपदा एकदा बोलून गेली, की शहरातल्या कांचघरसारख्या भरवस्तीत गाय पाळायची हौस आता पुरे, मझौली गावच्या एखाद्या शेतकऱ्याला देऊन टाकू. झालं! सासूबाईंनी त्याच दिवशी बॅग भरली आणि नागपूरला लेकीकडे निघाल्या. जाताना दारात थांबल्या.

"आता तूच पिळ. हात टेकलेस की फोन कर. त्याशिवाय मी यायची नाही."

"नाही करणार," संपदा म्हणाली होती.

आणि नव्हताच केला. पण परवापासून गाईनं दोन-चार धारांपलीकडे दूध दिलं नव्हतं. कास तटतटली होती, नुसतं बोट लागलं तरी तिच्या अंगावर शहारे यायचे. सकाळी डॉक्टर औषध देऊन गेले आणि जाताना सांगून गेले, "मैडम, आज शाम तक दूध नहीं निकला तो थन गया समझिए।"

फोन केला असता तर तासाभरात गाडीत बसल्या असत्या बाई. पण मग जन्मभर ऐकून घ्यायचं! उठता बसता, पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर. नुसत्या कल्पनेनं संपदाचं डोकं तापलं. आणि फोन करायचा नाही, तर त्या मुक्या जिवाची कास जाणार, तीही आपल्या हातून. गाय विकायची होती तिला, मारायची नव्हती.

शेवटी अंबरीशनंच घाबरत घाबरत सुचवलं. आई गोठ्यात नेसायची ते पातळ खुंटीला होतं. बहिणीच्या, ऋचाच्या, बाळंतपणाला आई माहेरी गेली होती, तेव्हाची गाय अशीच अडून बसली होती. मग कारखान्यात चार्जमन असलेले बाबा, चांगले मिशीवाले, रोज पहाटे आईचं पातळ गुंडाळून धार काढत होते म्हणे.

"मेले तरी नेसणार नाही," संपदा म्हणाली.

दिवेलागणीला नेसली. पातळाला शेणाचा, सरकीचा आणि सासूबाईंच्या खोबरेलाचा वास येत होता. तिनं श्वास रोखून पदर खोचला आणि खाली बसली. तांबूनं पदर हुंगला, एकदा हंबरली, पाय झाडला नाही. पण दूधही दिलं नाही. थान ओढून ओढून संपदाची बोटं दुखायला लागली.

मग तिच्या लक्षात आलं. सुहासिनीबाई गाईखाली कधी गप्प बसत नसत. स्वयंपाकघराची खिडकी गोठ्यावरच उघडत होती. सकाळ-संध्याकाळ त्या गाईला काय सांगतात, ते संपदानं वर्षानुवर्षं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

ती सासूबाईंच्या नाकातल्या सुरात हळूच म्हणाली, "काय सांगू बाई तुला, आमच्या मास्तरणीचा थाट."

तांबूचा कान हलला. थानातून एक चांगली जाड धार आली.

संपदाचा संताप संताप झाला. पण धार सुटली होती, आता थांबून चालणार नव्हतं. तिनं मग काही शिल्लक ठेवलं नाही. भाजीला चव नाही अन् बोलण्याला त्याहून नाही. चहा करते का गटाराचं पाणी उकळते? पोराला असं मुठीत ठेवलंय, की आईकडे बघतानाही बिचारा विचारून बघतो. माहेरचे एकदा आले, तर केळी आणली, तीही डागाळलेली. स्वतःला एवढ्या शिव्या तिनं उभ्या आयुष्यात दिल्या नव्हत्या. बादलीत फेस चढत होता आणि तांबू डोळे मिटून रवंथ करत होती.

एक थान राहिलं आणि पाठ असलेलं सगळं संपलं. धार बारीक झाली. संपदा तोंडाला येईल ते बोलायला लागली.

"अन् मी घरातून गेले, तर फोन करायला हिचा हात मोडला होता. पोचल्या का, जेवल्या का, काहून नाही विचारलं कोणी? वाट बघून बघून जीव गेला माझा."

मागे कुणीतरी बॅग खाली ठेवली.

"हे मी कधी म्हटलं नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या.

फोन न येताच आल्या होत्या. संपदाचा हात जागच्या जागी थांबला. अंगावर यांचं पातळ, तोंडात यांच्या शिव्या. तांबूनं लगेच पाय उचलला.

"थांबू नको. चोरेल ती. बोल."

दुसरं काही सुचेना. संपदानं खालमानेनं पुन्हा मास्तरणीपासून सुरुवात केली. कान तापले होते. सासूबाईंनी भाजी ऐकली, चहा ऐकला. केळ्यांपाशी मात्र त्यांना राहवलं नाही.

"डागाळलेली नाही. सडकी होती."

"सडकी," संपदा दात आवळून म्हणाली. धार पुन्हा जाड झाली.

सुहासिनीबाई ढेपेच्या पोत्यावर बसल्या. चपला काढल्या, पाय चोळले. प्रवासानं चेहरा उतरला होता. संपदा गप्प झाली तशी त्यांनी घसा खाकरला.

"ते फोनचं पुन्हा एकदा म्हण," त्या म्हणाल्या. "तांबूला बरं वाटलं ते."