मिठाच्या कवचातला मासा

त्या एका जेवणातून माऊला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. मिळणार होती एक खोली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची, दोन बाजूंनी काच, आत नळ, भिंतीला मोरी. चष्मेवाल्या काकांच्या दुकानाची पुढची खोली ती. काका धंदा आवरता घेत होते. मागच्या खोलीत बसून ते डोळे तपासत राहणार आणि पुढच्या खोलीत माऊने चार टेबलं टाकून खाणावळ चालवायची, असा बेत होता. खोली मिळाली की पार्सलच्या गोदामातली नोकरी सुटणार होती. नोकरी सुटली की तिथला मुकादम सुटणार होता, जो साधं ‘आलात का’ हेही दटावल्यासारखं विचारी. शिवाय नवरा मालवाहू बोटीवर; पुढच्या खेपेला तो उतरेल तेव्हा त्याला बोट धरून दाखवता येईल असं काहीतरी स्वतःचं असणार होतं. जाणार काय होतं, ते मात्र माऊने मांडलंच नव्हतं. मिळकतीच्या बाजूला ती पक्की, दुसऱ्या बाजूला हात जरा आखडता.

‘माऊ’ हे तिचं नाव मित्रमंडळींनी ठेवलेलं, तिच्या नाकावरून. मांजराला दूध कुठल्या कपाटात आहे ते कळावं, तसं तिला पातेल्यात काय पडलंय ते दारातूनच कळे. मंडळी म्हणजे चौघं. ती, काका, केस कापण्याचं दुकान चालवणारी तिची मैत्रीण, जिला सगळे कात्री म्हणत (केसांमुळे की जिभेमुळे, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती), आणि माऊचा धाकटा दीर. दीर बसगाड्या दुरुस्त करी आणि पुढ्यात येईल ते खाई. एकदा बाहेर, एकदा घरी, असा त्यांचा रिवाज होता. बाहेर जायचं तर कुणी आधी पाऊल न टाकलेल्या जागी, आणि घरी रांधायचं तर पाळीपाळीने. त्यांचा एकच कडक नियम होता, मुक्या घासांचा. पहिले काही घास कुणी बोलायचं नाही. कारण कात्री एकदा पहिल्याच घासाला ‘मीठ कमी’ म्हणाली होती, आणि मग उरलेल्या तिघांनाही सगळं जेवण अळणी लागलं होतं.

आता गोम अशी, की माऊचं नाक गेलं होतं.

काही आठवड्यांपूर्वी ताप आला आणि जाताना नाक-जीभ दोन्ही घेऊन गेला. दात घासताना तोंडात नुसता फेस आला, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. माऊने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ ठेवायची आणि वाट बघायची, एवढाच तिचा विचार होता. पण त्याच सुमारास बाहेर जेवायची पाळी आली.

जागा काकांनी निवडली होती. जिना उतरून जायचं, कमी उजेड, वाढप्याच्या हाताला पांढरे मोजे. लाकडी पाटावर झाकण घालून चीज आलं आणि झाकण उघडताच कात्रीने रुमाल नाकाला लावला. हे सडलंय म्हणाली, परत पाठवा. दीर म्हणाला, सडलं नसेल, नुसतं मेलं असेल. काकांनी माऊकडे पाहिलं. तिघंही पाहायला लागले. माऊला त्या पाटावर पिवळट ढेकळापलीकडे काहीच जाणवत नव्हतं. तिने वाढप्याचा चेहरा वाचला. तो इतका निवांत होता की चूक हॉटेलची नसणार. मग तिने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मुरलेलं चीज असंच असतं, तिसऱ्या घासाला उलगडतं, असं सांगून टाकलं. वर कात्रीला टोमणा मारला, की नाकाने कांदे सोलणाऱ्यांनी घरी भाकरतुकडा खावा.

काकांना तिसऱ्या घासाला खरंच ते आवडलं. असलं नाक गोदामात धूळ खातंय हे पाप आहे, म्हणाले, आणि खोलीची गोष्ट तिथेच, त्या पाटावर निघाली. खरं तर त्या खोलीवर कात्रीचाही डोळा होता, दुसरी खुर्ची टाकायला. ठरलं असं, की पुढचं जेवण माऊच्या घरी, तिच्या हातचं, आणि जेवण झालं की काका किल्ली देणार.

आता नाक नसलेल्या बाईने काय रांधावं? माऊने याचा फार विचार केला. फोडणीला वास लागतो, रश्श्याला चव बघावी लागते. शेवटी तिला मिठाच्या कवचातला मासा आठवला. जाडं मीठ अंड्याच्या पांढऱ्यात कालवायचं, अख्ख्या माशावर लिंपायचं, ओव्हनमध्ये घालायचं. घड्याळ लावलं की झालं. कवच टेबलावर फोडेपर्यंत चव कुणीच बघू शकत नाही, अगदी कसलेला आचारीसुद्धा. आपल्या आंधळेपणावर आपणच पांघरूण शोधलं, म्हणून ती मनात खूश झाली.

नेहमीच्या मासेवालीकडे मात्र ती गेली नाही. ती बाई तिला वीस वर्षं ओळखत होती. मासा नाकाशी धरल्यावर माऊचं तोंड कसं होतं, हे तिला पाठ होतं. चोराच्या मनात चांदणं, तसं माऊला वाटलं, ही क्षणात ओळखेल. म्हणून ती मोठ्या दुकानात गेली, जिथे मासा कागदात गुंडाळलेला, डोकं उडवलेला मिळतो. डोळे नाहीत, कल्ले नाहीत. ज्याला डोकंच नाही त्याला वय कुठून विचारणार? घरी येऊन सवयीने तिने तो नाकाशी धरला. काही नाही. हाताला जरा बुळबुळीत लागला. बर्फातून काढलाय म्हणून असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि मीठ कालवायला घेतलं.

संध्याकाळी मंडळी आली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कात्रीने पाव आणला होता. दीर सरळ कामावरून, हाताला ग्रीसचा वास घेऊन आला. निदान तो तसं म्हणाला आणि साबण मागितला. माऊने खिडकी लावून घेतली होती. वारा लागून कवच भेगाळायला नको.

ती पांढरी ढेप टेबलावर आली तेव्हा दिराने आपली छोटी हातोडी पुढे केली. काकांनी हातोडी घेतली, मान दिल्यासारखी, आणि दोन ठोके घातले. कवच फुटलं. वाफ वर आली.

माऊ वाफेकडे बघत नव्हती. अलीकडे ती लोकांच्या चेहऱ्यांनीच जेवत होती. कात्रीचा हात रुमालाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिने काकांकडे पाहिलं, मग माऊकडे, आणि हात मांडीवर ठेवला. मागच्या वेळचा टोमणा तिला पचला नव्हता. पुन्हा गावंढळ ठरायची तिची तयारी नव्हती. काकांची नाकपुडी हलली. ते माऊकडे बघून हसले, शिष्य गुरूकडे बघून हसतो तसे. दिराने पहिला घास घेतला.

मुके घास सुरू झाले होते.

माऊने वाढलं, स्वतःही घेतलं. तोंडात ओला कापूस आल्यासारखं झालं; तसं रोजच होत होतं. तिची नजर दिरावर होती. पहिला घास घशाखाली जायच्या आत दुसरा उचलणारा हा माणूस आज चावत होता. चावतच होता. मग त्याने पाण्याचा पेला उचलला, अर्धा रिकामा केला आणि निष्ठेने पुढचा घास घेतला. कात्री माशाचे तुकडे पावाखाली सरकवत होती. काकांनी तिसरा घास घेतला, थांबले, आणि उलगडण्याची वाट बघू लागले.

घड्याळाचा आवाज मोठा झाला, काटे-चमचे ताटाला लागल्याचा आवाज मोठा झाला. काहीतरी चुकलंय, हे माऊला कळलं होतं. काय चुकलंय, ते या घरात तिच्याखेरीज सगळ्यांना कळत होतं, आणि ते सगळे तिच्यावर विसंबून गप्प होते.

शेवटी काका बोलले. आवाज अगदी नम्र. “माऊ, वास जरा उग्र आहे गं. हा असाच हवा ना? त्या दिवशीसारखा मुरवलेला?”

हीच ती खोली. काच, नळ, मोरी, सगळं त्या एका प्रश्नात होतं. माशाला असला वास असता कामा नये, हे माऊला पुरतं ठाऊक होतं. तेवढ्यासाठी नाक लागत नाही. पण काकांच्या सदऱ्याच्या खिशात किल्लीचा फुगवटा दिसत होता.

“हो,” ती म्हणाली. “असाच हवा.”

काकांचा जीव भांड्यात पडला. कात्रीने सुस्कारा सोडला आणि पावाखालचा एक तुकडा बाहेर काढला. आणि दीर, ज्याला खोलीशी, काचेशी, कशाशीच देणंघेणं नव्हतं, त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि पुढे धरलं.

“वाढा वहिनी,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणता तर मला पण उलगडेल.”

त्याचे डोळे पाणावले होते. माऊने डाव उचलला. माशाचा पांढरा तुकडा डावात आला, ताटाच्या वर आला, आणि तिथेच राहिला. मग तिने तो परत कवचात टाकला आणि त्याच्या ताटावर आपला तळहात पालथा ठेवला.

“खाऊ नका भावजी. कुणीच खाऊ नका. मला वास येत नाही.”

दिराला वाटलं, म्हणजे माशाला वास नाहीये. कात्रीला मात्र लगेच उमगलं. तिने ताट दूर सारलं, उठून खिडकी उघडली आणि विचारलं, कधीपासून. माऊने तापाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, डोकं उडवलेल्या माशाचंही सांगितलं. सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती.

“मग त्या दिवशीचं चीज?” कात्री म्हणाली.

“वाढप्याचं तोंड बघून सांगितलं.”

“आणि मला कांदे सोलायला लावलेस ते?”

माऊ ताटं गोळा करू लागली. कात्रीने पुढे ताणलं नाही. तिला एवढ्या लवकर जिंकायची सवय नव्हती, ती जरा गोंधळूनच गेली होती. तिने मासा कवचासकट उचलला, दोन पिशव्यांत बांधला आणि खाली टाकून आली.

काका अजून खुर्चीतच होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. रागावले असते तर माऊला बरं वाटलं असतं.

“दिसत नाही म्हणून जो माझ्याकडे येतो, त्याला मी आजवर कधी हसलो नाही,” ते म्हणाले. “पण दिसत नसताना जो ‘दिसतंय’ म्हणून गाडी हाकतो, त्याच्या गाडीत मी बसत नाही, माऊ. तू मघाशी ‘हो’ म्हणालीस.”

“मग ‘नाही’ पण म्हणाले ना.”

“म्हणालीस. म्हणून तर अजून इथे बसलोय.”

पोटं रिकामी होती, दिराचं सोडून. कात्रीने केस वर बांधले, अंडी आहेत का विचारलं. पिवळे बलक होतेच, वाटीभर, मीठ कालवताना उरलेले. बटाटेही होते. कात्रीला रांधता येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. माऊ शेजारी उभी राहून सांगू लागली, आच कमी कर, आता उलट, कडा सुटल्या का बघ. कात्री चाखून तिला कळवू लागली. मीठ? कमी. आता? आता बरोबर. जरा करपल्याचा वास येतोय गं. मग उतरव. काकांनी पाव कापला. चौघंही तव्याभोवती उभ्याउभ्याच जेवले. मुक्या घासांचा नियम त्या दिवशी कुणी पाळला नाही, पण बोललंही फारसं कुणी नाही. जाताना काकांनी माऊच्या डोक्यावर हात ठेवला. किल्ली खिशात होती, ती खिशातच गेली.

शेवटी हिशेब असा मिटला. खोली कात्रीला मिळाली. तिने दुसरी खुर्ची टाकली, आणि पहिले काही दिवस माऊ समोरून गेली की ती आरशाकडे तोंड करून उभी राही. तेवढी किंमत तिला पडली. काकांनी तीन घास आणि एक भ्रम गमावला. तीन घासांचं त्यांना रात्रीपुरतंच सोसावं लागलं. माऊने खोली गमावली, मुकादम परत मिळवला, आणि नेहमीच्या मासेवालीकडे जाऊन एकदाचं सांगून टाकलं, की बाई, आता वास तूच घे आणि मला खरं सांग.

पण पुरती किंमत मोजली ती दिराने. त्याला काही मिळणार नव्हतं, काही जाणारही नव्हतं. वहिनी म्हणाली म्हणून त्याने ताट साफ केलं होतं, आणि त्यापायी तो दोन दिवस कामावर गेला नाही, संडासातून फार लांब कुठेच गेला नाही. माऊ दाराबाहेर साखर-मीठ घातलेल्या पाण्याचा पेला घेऊन उभी राही. किती साखर, किती मीठ, ते तिने चमच्याने मोजलेलं असे. आतून तो विचारी, “वहिनी, हे तरी चाखून बघितलंत का कुणाकडून?”