देवाचं पाणी

गेल्या वर्षापर्यंत तांब्या अप्पांच्या हातात असायचा. यंदा विद्याश्रीनं तो भांडून घेतला.

"दहावीत आहे मी! अजून किती मोठी होऊ?" बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरात तिनं हे इतक्या जोरात विचारलं की खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. जयनगरात स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणारे तिचे अप्पा, पवनकुमार, हसले. "सरी, सरी. बरं, घे बाई. रीत ठाऊक आहे ना?"

रीत तिला पाठ होती. फाल्गुनातल्या एका रविवारी रामनगराकडच्या भैरवाच्या डोंगरावर अनवाणी चढायचं. घरच्या नळाचं कावेरीचं पाणी तांब्यात भरून, तोंडाला फडकं बांधून न्यायचं आणि वर देवाला घालायचं. तोवर कुणी थेंबभर प्यायचं नाही. फडकं सुटलं की पाणी उष्टं. मोह नको म्हणून बाटल्यासुद्धा गाडीतच राहायच्या.

रागीलाही न्यायचं, हा तिचा दुसरा हट्ट. रागी म्हणजे नाचणीच्या उंड्यासारखा गोल, तपकिरी, सात वर्षांचा कुत्रा. तयारी तर काय जोरदार! छातीला बसणारा नवा पट्टा, कमरेला अडकवायची दोरी, कड्याच्या बाजूनं आपण चालायचं आणि कुत्र्याला आत ठेवायचं, उतरताना दोरी आखूड धरायची. आठ व्हिडिओ बघून ती अप्पांनाच शिकवत होती. "घसरणार नाही तो. माझी गॅरंटी!"

रागीला उपास नव्हता, नियम नव्हता. पण त्याच्यासाठी एक बाटली वेगळी घ्यावी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वर न्यायचं पाणी एकच, ते देवाचं. इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं.

तिच्या वेण्यांपायी निघायला उशीर झाला. पायथ्याशी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. काकड्या विकणाऱ्या गंगव्वानं रागीकडे बघितलं आणि हात हलवला. "नायि बेड, अक्का. कल्लु सुडुत्ते." कुत्रा नको, दगड भाजतो.

"स्वल्पच आहे हो चढ!" विद्याश्री म्हणाली आणि निघालीसुद्धा.

पहिला अर्धा तास मजेत गेला. रागी दोरी ओढत पुढं. उघड्या कातळावर अप्पा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागले, तशी ती खिदळली. "अप्पा, भरतनाट्यम का?" रागीची जीभ लांब बाहेर आली होती. "बघा, हा पण हसतोय!" तिनं फोटो काढला.

मग रागी मागं पडायला लागला. सावली दिसली की बसायचा. तोंडातून चिकट लाळ लोंबत होती. अप्पा तीस-चाळीस पावलं पुढं गेले होते. तांब्याच्या फडक्यातून पाझरलेला एक ओघळ कडेला आला होता. रागीनं मान उंचावून तो चाटला. मग पुन्हा चाटला, कोरड्या पितळेवर.

विद्याश्रीनं तांब्या वर उचलला. "छे! देवाचं आहे ते."

तिची बोटं गाठीवर होती. एक ओढ दिली असती की सुटली असती. पण वर झेंडा दिसत होता, फार तर पंधरा मिनिटं. पहिल्याच वर्षी रिकामा तांब्या घेऊन वर गेले तर? घरी सगळे म्हणतील, एवढंसुद्धा जमलं नाही पोरीला. "चल रे राजा, वर गेलं की पहिलं तुलाच," ती म्हणाली आणि दोरी ओढली. तो उठला. ती चालते आहे म्हणून चालला.

शेवटच्या पायऱ्यांच्या अलीकडे त्याचे मागचे पाय दुमडले.

आता ती गाठ सोडत बसली नाही, तिनं फडकंच फाडून काढलं. तोंडात पाणी ओतलं, ते दुसऱ्या बाजूनं वाहून गेलं. जीभ जांभळी पडली होती. "अप्पा! अप्पा!" अप्पा धावत आले, उरलेलं पाणी त्याच्या पोटावर ओतलं, ओला पंचा गुंडाळला आणि त्याला खांद्यावर घेऊन उतरायला लागले. देव वरच राहिला. विद्याश्री मागून रागीचं डोकं धरून उतरत होती. त्याच्या तळव्यांची कातडी सोललेली तिला तेव्हा दिसली.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि काढली. "उष्माघात. वाटेतच गेलाय तो," ते कन्नडमध्ये हळूच म्हणाले. मग वही ओढली. "चढताना पाणी दिलं होतं?"

"हो, दिलं होतं," अप्पा पटकन म्हणाले. "मधे-मधे देत होतो आम्ही."

अप्पा खोटं बोललेले तिनं कधी ऐकलं नव्हतं. ते तिच्याकडे बघतही नव्हते, टेबलाची कड घट्ट धरून उभे होते. गप्प राहिली असती तर चाललं असतं. घरीही हेच सांगितलं गेलं असतं.

"नाही दिलं," विद्याश्री म्हणाली. "पाणी माझ्याच हातात होतं. त्यानं मागितलं होतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. अप्पांनी रागीच्या अंगावरचा पंचा नुसताच सारखा केला.