बुजवलेला खड्डा

एव्हिस हाउलेटने दुकानातला सगळ्यांत स्वस्त मेटल डिटेक्टर आणला, तेव्हा शेजारचा क्लिफर्ड अटिंग पोट धरून हसला. गेली वीस वर्षं दर रविवारी तो असलंच यंत्र घेऊन इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या शेतांतून जमिनीचा कानोसा घेत फिरत होता. त्याच्या कपाटात चार रोमन नाणी होती आणि बटणं पोतंभर.

"हे यंत्र आहे की नातवाच्या वाढदिवसाचं खेळणं?"

"हसून झालं असेल तर शिकव. मला एक अंगठी शोधायचीय."

क्लिफर्डचं हसू जागच्या जागी विरलं. कुठली अंगठी, हे विचारायची गावात कुणालाच गरज नव्हती.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. एव्हिस सहा वर्षं लार्टर म्हातारीची देखभाल करत होती. आंघोळ, औषधं, अंडं किती मिनिटं उकडायचं, सगळं तीच बघायची. एक दिवस म्हातारीच्या बोटातली सोन्याची अंगठी, बारक्या लाल खड्याची, दिसेनाशी झाली. तिचा मुलगा रोलंड म्हणजे गावातला बडा शेतकरी. त्याने घर पालथं घातलं आणि दिवस मावळायच्या आत पबमध्ये जाऊन एव्हिसचं नाव घेऊन मोकळा झाला. पोलिसांत मात्र गेला नाही. आईच्या म्हातारपणी तमाशा नको, म्हणे! अरे, गेला असतास तर बरं झालं असतं, निदान एकदाचा निकाल तरी लागला असता. त्या दिवसापासून चर्चमध्ये फुलं लावायच्या यादीतून तिचं नाव गळलं, कुणाच्या म्हाताऱ्याची सेवा तिला मिळेना, आणि ती दुकानात शिरली की दुकानदारीण काम टाकून गल्ल्यापाशी येऊन उभी राहायची. एकसष्टाव्या वर्षी एव्हिस समुद्रकाठच्या, सुट्टीवाल्यांच्या कॅरव्हॅनच्या तळावर संडास धूत होती. त्याचंही तिला काही नव्हतं. तिला फक्त चोर म्हणून मरायचं नव्हतं.

अंगठी कुठे असेल याची तिला खात्री होती. म्हातारी तेव्हा हिंडतीफिरती होती, रोज घरामागच्या कुरणात कोंबड्यांना साली टाकायला स्वतः जायची. थंडीत बोटं आकसतात, अंगठी सैल होते. एव्हिसने हे रोलंडला तेव्हाच सांगितलं होतं. "चोराच्या उलट्या बोंबा," म्हणाला होता तो.

"पहिला धडा आपल्या परसात," क्लिफर्डने सांगितलं. "खिळा, नाणं, बियरच्या डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी, हातहातभर अंतरावर पुर. प्रत्येकाचा आवाज पाठ होईस्तोवर वरून यंत्राची तबकडी फिरव."

"सोनं कुठून आणू मी?"

"बोटात आहे ते काय पितळ आहे?"

तो घरी गेल्यावर तिने मेलेल्या नवऱ्याची निशाणी साबण लावून बोटातून काढली आणि गुलाबाच्या झाडाखाली पुरली. पलीकडच्या अंगणात दुसरी शेजारीण म्युरिएल कपडे वाळत घालत होती. ती टाचा उंचावून म्हणाली, "काय पुरतेयस गं?"

"अंगठी!" एव्हिस म्हणाली आणि खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी तिला असं हसू आलं होतं.

खिळा गुरगुरायचा. नाणं किणकिणायचं. पण सोनं आणि डब्याची कडी अगदी एकाच सुरात बोलायची, आणि इथेच तिचं डोकं फिरायला लागलं.

"फिरू दे," क्लिफर्ड दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला. "हे दुसरं बटण आहे ना, त्याला हात लावायचा नाही. नवशिके कड्या उपसून कंटाळतात आणि ते बटण पिळतात. मग कड्या गप्प होतात, आणि त्यांच्याबरोबर सोनंही गप्प. सोनं पाहिजे तर कचरा उपसायची तयारी ठेव. आणि दोन गोष्टी काळजावर कोरून घे. मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि मिळेल ते त्याला दाखवायचं."

"ही तर एकच झाली, मालकाची."

"दुसरी म्हणजे खड्डा. गवताचा तुकडा तीन बाजूंनी काप, झाकणासारखा उलट, माती कापडावर काढ, काम झालं की परत भर, तुकडा मिटव, पायाने दाब. आपण येऊन गेलो हे मालकाला कळता कामा नये."

कुरणाचा मालक म्हणजे रोलंडच. एव्हिस त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि कशासाठी आलोय ते तिने सरळ सांगून टाकलं. रोलंड दाराला टेकून तिच्याकडे बघत राहिला. त्याला मजा वाटत होती.

"खण की. तुला जागा बरोबर ठाऊक असेल म्हणा." आणि मग, "पण एक सांगतो. मागच्या साली कुणाच्यातरी खड्ड्यात माझ्या घोडीचा पाय मोडला. कुरणात एक जरी खड्डा दिसला, तर त्याच दिवशी तुझं यंत्र नाल्यात."

सात रविवार ती त्या कुरणात राबली. गावची उन्हाळी जत्रा दर साली तिथेच भरायची, त्यामुळे जमीन म्हणजे डब्यांच्या कड्यांची खाणच होती. तबकडी गोड किणकिणायची, एव्हिस गुडघे टेकायची, कापायची, उकरायची, कडी निघायची. परत भरायची, परत दाबायची. त्या बटणाकडे शंभर वेळा तिचा हात गेला असेल, पण तिने ते फिरवलं नाही. घरी जाताना तिचे गुडघे असे धरलेले असायचे की जिना बसून चढावा लागायचा. खड्डे मात्र तिने असे बुजवले की गवताचं पातंसुद्धा वाकडं राहू दिलं नाही.

सातव्या रविवारी सकाळी कोंबड्यांच्या पाण्याच्या डोणीपासून आठदहा पावलांवर परत तोच आवाज आला. आणखी एक कडी, म्हणत तिने माती चिवडली, आणि मातीतून लाल ठिपका चमकला.

ती तिथेच बसकण मारून रडली. हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले, डोणीच्या पाण्यात अंगठी लख्ख धुतली, स्वेटरवर घासली आणि खिशात जपून ठेवली. आणि मग, इतक्या आनंदातही शिकवलेलं विसरली नाही हो बाई, खड्डा भरला, गवत मिटवलं, दाबून सारखं केलं. कुरणाच्या कडेने ती जवळजवळ धावतच रोलंडच्या घराकडे गेली.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. एव्हिसलाही तेच वाटलं होतं. तिने रोलंडपुढे मूठ उघडली.

रोलंडने अंगठी उजेडात धरली. "तीन वर्षं मातीत होती आणि अशी झगझगीत?"

"मी धुतली. सोन्याला गंज चढत नाही, मिस्टर लार्टर."

"सोन्याची बरीच माहिती दिसते तुला. चल, खड्डा दाखव."

ती त्याला कुरणात घेऊन गेली. डोणीपाशी उभी राहिली, इकडे वळली, तिकडे वळली. सगळीकडे एकसारखं हिरवंगार गवत. तिने अंदाजाने एका ठिकाणी खुरप्याचं पातं घातलं, खाली घट्ट, न हललेली माती. दुसरीकडे घातलं, तिथेही तेच. तिसऱ्या ठिकाणी खुपसलं, परत तेच.

"इथेच होता. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. तुम्हीच म्हणाला होतात ना, खड्डा दिसता कामा नये!"

"दिसतच नाहीये. असेल तर दिसेल ना! म्युरिएलने दोन महिन्यांपूर्वीच सगळ्यांना सांगितलंय, तू परसात सोन्याची अंगठी पुरत होतीस म्हणून. मला वाटलं, म्युरिएल उगाच काहीतरी बोलतेय."

"ती माझ्या लग्नाची! क्लिफर्डला विचारा, त्यानेच सांगितलं होतं."

क्लिफर्डला बोलावणं गेलं. तो टोपी हातात धरून आला. पुढच्या महिन्यात रोलंडच्या बार्लीच्या रानात त्याच्या डिटेक्टरवाल्यांच्या मंडळाची मोठी शोधमोहीम ठरलेली होती, परवानगी अजून तोंडीच होती.

"हो, पुरायला मी सांगितलं होतं," तो टोपीकडे बघत म्हणाला. "बोटातली."

"आणि पुरली ती बोटातलीच होती, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

क्लिफर्ड टोपी चुरगाळत म्हणाला, "मी गेलो तेव्हा ती मातीत होती. मी फक्त आवाज ऐकला. आवाज काय, सगळ्या सोन्याचा सारखाच."

"क्लिफर्ड!" एव्हिस ओरडली. "अरे मेल्या, बोटातली काढ म्हणून कोण म्हणालं मला?"

"मी खोटं कुठे बोलतोय, एव्हिस? पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू?"

रोलंड एव्हिसला वर आईच्या खोलीत घेऊन गेला. म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. तिने अंगठी बोटात चढवली आणि ती सुजलेल्या सांध्यावर अडली.

"शेवटी मनाने टोचलं ना तुझ्या," म्हातारी मायेने म्हणाली. "मी माफ केलं तुला, एव्हिस. देवाच्या दारी परत आलेल्याला माफी आहे. रोलंड, तिला चहा सांग."

रोलंड खाली गेला. त्याची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाली, तशी म्हातारीने मान वळवली.

"डोणीच्या डाव्या अंगाला होती ना?"

एव्हिस पलंगावर वाकली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच नाताळात आठवलं. साली झटकताना बोटातून काहीतरी गेल्यासारखं वाटलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत? तीन वर्षं! तीन वर्षं लोकांचे संडास धुतेय मी!"

"रोलंडने तोवर गावभर सांगून टाकलं होतं गं. पोटच्या पोराला खोटं पाडू?" म्हातारीने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "तू काय, कणखर बाई."

रोलंड चहाचा ट्रे घेऊन आत आला. एव्हिस त्याच्यावर धावूनच गेली. "विचारा! विचारा आईला, अंगठी कुठे पडली होती! त्यांनी आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला!"

रोलंडने आईकडे बघितलं. म्हातारीचे निळे डोळे तान्ह्या पोरासारखे कोरे झाले होते.

"ही एव्हिस ना?" ती म्हणाली. "माझी अंगठी घेऊन आली का रे ती?"

"पुरे आता," रोलंड एव्हिसला म्हणाला. त्याने ट्रेमधला तिच्यासाठी आणलेला कप उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर लांब ठेवला. "आईने माफ केलंय, ते घे आणि नीघ. तिच्या विसरभोळ्या डोक्याचा फायदा घेशील, तर मात्र आज पोलिसांनाच बोलावेन."

एव्हिस यंत्र खांद्यावर टाकून गावातून चालत घरी गेली. बातमी तिच्या आधी पोचली होती. कुंपणापाशी म्युरिएल उभीच होती, हातात झाकलेली ताटली, त्यात ताजा केक. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने एव्हिसला काही खायला आणलं होतं.

"परत केलीस ते फार चांगलं केलंस गं," म्युरिएल तिचा हात दाबत म्हणाली. "सगळं गाव तेच म्हणतंय. हलकं वाटत असेल ना आता?"