अक्कांनी थांबवलेले गोदाम

मित्रांनो, औषधांच्या गोदामातला मी एक जुना स्कॅनर आहे. खोक्यांवरच्या आणि रॅकवरच्या चिठ्ठ्यांतल्या काळ्या रेघा वाचायच्या आणि कोणते औषध कोणत्या रॅकमध्ये ठेवले ते संगणकाला कळवायचे, हे माझे काम. सात वर्षे मी अक्कांच्या हातात होतो. अक्का तिथल्या सर्वांत जुन्या कामगार.

पुढे गोदामात बुटक्या, चाकांच्या गाड्या आल्या. संगणकाने हुकूम सोडला, की त्या सबंध रॅक पाठीवर घेऊन अक्कांपुढे उभा करत. रॅकच्या जागाही रोज बदलत, म्हणून माणसांना आत जायला बंदी झाली. गाड्यांना संगणक सांगेल तेच खरे, आणि संगणकाला मी सांगेन तेच खरे!

एके दिवशी मी पडलो. माझ्या काचेला तडा गेला. अक्कांनी तीनदा तक्रार केली. "चालतोय ना? मग चालू द्या," गोदामाचे साहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात अक्का सर्पदंशावरच्या इंजेक्शनांचे खोके ठेवत होत्या. तड्यातून मला शेजारच्या रॅकची चिठ्ठी दिसली, आणि मी तोच क्रमांक कळवून मोकळा झालो.

दहा दिवसांनी, भर दुपारी, इस्पितळातून तातडीची मागणी आली. एका मुलीच्या हाताला साप चावला होता. मी कळवला होता तोच रॅक गाडीने आणला. कप्पा रिकामा! तशी नोंद करताच पडद्यावर अक्षरे उमटली : शिल्लक नाही.

"खोकं मी माझ्या हातानं ठेवलंय," अक्का म्हणाल्या.

"अक्का, सिस्टीम नाही म्हणतेय," पडद्यापाशी बसलेला सहकारी म्हणाला.

"सिस्टीमला सांगितलं कुणी? या फुटक्यानंच ना?"

गाड्यांच्या भागाला जाळीचे कुंपण होते, त्याचे दार त्यांनी उघडले. दार उघडले की गाड्या आपोआप थांबत; त्याबरोबर साऱ्या जागच्या जागी थांबल्या. शेकडो रॅकमधून अक्का एकट्या धावत होत्या. खोके सापडायला चाळीस मिनिटे लागली.

मुलगी वाचली, तिचा हात वाचला नाही.

चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. त्या तीन तक्रारींचा त्यात उल्लेखही नव्हता. अक्का भांडल्या नाहीत. सही करताना त्यांनी साहेबांना एवढेच विचारले, "ती पोर कुठल्या हातानं लिहायची हो?"

साहेबांनी सही झालेला कागद फायलीत ठेवला.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर तेव्हाच ओरडलो असतो. यंत्राला आपली चूक आपणहून सांगता येत नाही. म्हणून सांगतो, कुणी तीच तक्रार पुन्हा घेऊन आले, तर हातातले काम बाजूला ठेवा आणि आधी त्याचे ऐका.