निळ्या चेहऱ्यांचा गजी

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीत, एका अरुंद खाचेत मी बसते. पडद्यावर तुम्हांला जे चित्र दिसते, ते मी तयार करून पाठवते. मला मात्र कुणी पाहत नाही. पेटी उघडली, तरी लोकांना आधी धूळच दिसते.

माझा जन्म १९९९ साली परदेशातल्या एका कारखान्यात झाला. नुसते कार्ड मुके असते. संगणकाचे म्हणणे त्याला समजावून सांगणारा एक प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या कंपनीने माझा ड्रायव्हर स्वतः लिहिला आणि तो बंदिस्त ठेवला. तो कुणालाही वापरता येई. पण आत काय लिहिले आहे, हे कंपनीबाहेर कुणाला वाचता येत नसे.

त्या ड्रायव्हरची मी निंदा करणार नाही. रांजणगावच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग विभागात, मी काही वर्षे नोकरी केली. यंत्रांचे सुटे भाग मी पडद्यावर असे गरागरा फिरवून दाखवी की दुसऱ्या शिफ्टचे लोक मुद्दाम बघायला थांबत. माझे ते सारे कौतुक त्या बंद ड्रायव्हरच्या जोरावर झाले. मग नवे संगणक आले आणि मी गोदामात गेले. तिथून कारखान्याने आम्हा जुन्या संगणकांना न्हावरे गावच्या एका शाळेला देऊन टाकले. हे २००६ साल.

शाळेत हर्षदा मॅडम संगणक शिकवत. त्या जवळच्याच धनगर वस्तीवरच्या. कारखान्याने सगळे पुसून संगणक दिला होता, म्हणून मॅडमनी त्यात लिनक्स घातले. ते फुकट मिळते आणि कुणालाही उघडून वाचता येते. पण त्या नव्या लिनक्सवर माझा जुना ड्रायव्हर चालेना. मॅडमनी शिरूरच्या सायबर कॅफेतून कंपनीला ईमेल पाठवला. उत्तर सभ्य होते: हे कार्ड जुने झाले, त्याचे काम आम्ही थांबवले आहे, कृपया नवे घ्यावे. नवी कार्डे माझ्या खाचेत बसतच नव्हती.

त्या वेळी मला दुसरा ड्रायव्हर मिळाला. तो उघडा होता. जगात ठिकठिकाणी राहणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या काही लोकांनी तो लिहिला होता. कंपनीने त्यांना माझ्याविषयी काहीच सांगितले नव्हते. त्यांनी माझ्यासारख्या कार्डांना एकेक आज्ञा देऊन पाहिली, चुकले, पुन्हा दिली आणि आमची भाषा शिकून घेतली. हा ड्रायव्हर पहिल्याइतका चपळ नव्हता. पण पडदा उजळला, आणि मी पुन्हा कामाला लागले.

आता खरी गोष्ट सांगते.

त्या वस्तीवर गजी नाचतात. ढोलाच्या तालावर, फेर धरून, दोन्ही हातांत रुमाल घेऊन. वस्तीची रीत अशी की उजव्या हातात लाल रुमाल आणि डाव्या हातात निळा. गेणबा आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ हरिबा हे दोघे तिथले नामांकित गडी. शेवटचा अवघड फेर एकट्या हरिबांनाच पुरता येई. पण हरिबा वारले, आणि लकव्याने आबांचा एक पाय गेला. दौंडच्या एका कॅमेरावाल्याने जत्रेत घेतलेल्या चित्रफितीत तेवढा तो फेर उरला होता. चैत्रातल्या जत्रेत शाळेच्या मुलांनी गजी नाचायचा, असे ठरले. संगणकावर चाल संथ करून एकेक पाऊल पुन्हा पुन्हा पाहता येते, म्हणून ती चित्रफीत माझ्याकडे आली.

आणि माझ्या पडद्यावर सगळे नाचणारे निळे दिसू लागले.

"मॅडम, ही माणसं आजारी हायती का?" धनश्री नावाच्या मुलीने विचारले. वर्ग हसला.

मॅडमनी खटपट केली. मला बाजूला ठेवून, चित्राचे सगळे काम संगणकाच्या मुख्य चिपवर सोपवून चित्रफीत लावली, तर रंग बरोबर येत, पण चित्र इतके अडखळे की पावलेच दिसत नसत. माझ्यामार्फत लावली, तर चाल सुरेख, रंग चुकीचे. मॅडमनी चाल निवडली. "रंगाकडं बघू नका," त्या म्हणाल्या, "पावलं बघा."

मुलांनी पावले पाहिली. चेहरे निळे नसतात, हे त्यांना ठाऊक होते. रुमालांचे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही.

अर्धा गजी बसल्यावर आबांना बघायला आणले. सोबत त्यांची बायको कुशाबाई होती. ढोल सुरू झाला आणि लगेच आबांनी काठी आपटली.

"थांबवा! उजव्या हातात निळा? कुणी शिकवलं ह्ये?"

"पिच्चरमदी तसंच हाय, आबा," धनश्री म्हणाली.

"माझ्या भावानं जल्मात असा रुमाल धरला न्हाई. दाव तुझा पिच्चर."

मॅडमनी चित्रफीत लावली. आबा पडद्याकडे बघत राहिले. "ह्यो हरिबा हाय व्हय? मेल्यावर बी त्याचं त्वांड असं न्हवतं झालं." मग म्हणाले, "बंद करा. त्याचं त्वांड नीट दिसंल तवा म्होरला फेर. तवर न्हाई."

"आवो, जत्रा तोंडावर आली की," कुशाबाई म्हणाल्या. "पोरं कवाधरनं नाचत्यात."

"अर्धाच नाचू द्या मग."

शाळेच्या समितीतले सर्जेराव दारात उभे होते. "मॅडम, फुकटातलं सॉफ्टवेअर आन् गोदामातलं कार्ड. टाका की भंगारात! जोडी तरी जमंल."

मित्रांनो, मला वाटले, माझे दिवस भरले.

मॅडम मात्र आबांच्या शेजारी बाकावर बसल्या. "आबा, खरे रंग सांगा. हरिबामामांचा फेटा?"

"लालभडक."

पडद्यावर तो निळा होता. "भंडारा?"

"पिवळाजर्द. भंडारा दुसरा कसला असतोय?"

पडद्यावर भंडारा आकाशी उधळत होता. "मागचा ऊस?"

"हिरवा. त्ये काय इचारनं झालं?"

मॅडम थबकल्या. पडद्यावरही ऊस हिरवाच होता. "आबा, हिरवं बदललंच नाही!"

त्यांनी खरा रंग आणि दिसणारा रंग शेजारी शेजारी लिहिला, माझ्या पाठीवरचा नंबर उतरवला आणि एसटीने शिरूर गाठले. उघडा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना त्यांनी सगळे कळवले. पोलंडमधल्या एका माणसाने उत्तर दिले. हिरवा रंग जागेवर आहे, याचा अर्थ लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली आहे, असे त्याने लिहिले; पडद्यावर पिवळाही लाल आणि हिरवा मिळून बनतो, म्हणून भंडारा आकाशी झाला. पुढे त्याने म्हटले होते: पण तुमच्या जातीचे कार्ड माझ्याकडे नाही, मी अंदाजाने दुरुस्ती करतो, तुम्ही पाहून सांगा.

त्याची पहिली दुरुस्ती पेन ड्राइव्हवर आली, आणि पडद्यावर नुसते आडवे पट्टे उठले. सर्जेराव दारातून खोकले. मॅडमनी पट्टे कसे दिसतात ते लिहून घेतले आणि पुन्हा एसटी धरली. दुसरी दुरुस्ती आली. तिच्यात चार-दोन ओळीच बदलल्या होत्या. त्या ओळी ज्याला हव्या त्याने वाचाव्यात, अशा उघड्या होत्या.

आबांना पुन्हा आणले. मॅडमनी चित्रफीत सुरू केली. भंडारा पिवळा उधळला. त्यातून लाल फेट्याचा, गव्हाळ रंगाचा, घामाने चमकणारा माणूस फेरात पुढे झाला.

"आला," आबा म्हणाले.

कुशाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आबांनी काठी पडद्याकडे रोखली. "पोरांनो, त्वांड काय बघताय त्याचं? टाच बघा, टाच! मॅडम, पुन्यांदा लावा."

जत्रेत मुलांनी पुरा गजी नाचला. उजव्या हातात लाल, डाव्या हातात निळा. शेवटच्या फेराला आबा बसल्या जागी खांद्याने नाचत होते, असे मुले दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर सांगत होती.

त्याच दिवशी आबा स्वतः शाळेत आले. "मॅडम, त्या पोलंडवाल्याला जेवाय घातलं का?"

"आबा, तो तिकडं परदेशात..."

"आसंल. आपण इर्जिक घालतो, चार लोक आपल्या रानात राबत्यात, तवा त्यांना उपाशी लावतो व्हय? त्यो आपल्या रानात राबला."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शिरूरला जाऊन त्या माणसाला हेच लिहिले. त्याने कळवले, जेवण नको. पण त्याच्याकडे नसलेली कार्डे तपासून सांगायला त्याला माणसे मिळत नव्हती.

"मंग सोपं हाय," आबा म्हणाले. "आता आपण त्याच्या रानात जायचं."

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्यावर नवे ड्रायव्हर तपासले जातात. कधी पडदा काळा होतो, कधी अक्षरे फाटतात. मुले दिसेल तसे खरे लिहून काढतात आणि मॅडम ते पाठवतात. मी थकले आहे, माझा पंखा घरघरतो, पण असे काम मला कारखान्यातही कुणी दिले नव्हते.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. एखादी वस्तू बिघडली, तर तिला नावे ठेवण्याआधी नेमके काय बिघडले आणि काय शाबूत आहे ते पाहा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी अशी कार्डे बनवली, तर माझे एवढे ऐका. तुम्ही खुशाल दुसऱ्या कामाला लागा. पण जाताना आमच्याशी कसे बोलायचे, हे मागच्यांना सांगून जा.