मनकर्णाबाईंच्या पायाचा दाब

मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे, मुठीत मावेल एवढा. मित्रांनो, मोटारीचा ब्रेक दाबला की तेलाचा जोर चारही चाकांकडे धावतो. तो वाटून देणं हा माझा नेम. पुढच्या चाकांना पुरता, मागच्यांना बेतानं. मागच्यांना जास्त गेला तर ती जागीच जखडतात आणि गाडी गरकन फिरते.

माझी पहिली गाडी मोडीत गेली. मग परभणीच्या एका भंगाराच्या दुकानात, गंजक्या साखळ्यांखाली मी किती उन्हाळे काढले कोण जाणे. आत तेलाचा थेंब नव्हता. बाहेर एखादी गाडी करकचून थांबली की जीव कासावीस व्हायचा. कुणाचा तरी पाय ब्रेकवर पडला, आणि वाटायला मी नव्हतो!

एके दिवशी नागनाथरावांनी मला उचललं. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पालमला त्यांच्या दारात वडिलांच्या वेळची मोटार उभी होती. मागं एकदा ताडकळसच्या वाटेवर तिची मागची चाकं जखडली आणि ती उलट्या तोंडानं नाल्यात उतरली. देवाची कृपा, लागलं कुणालाच नाही. पण त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई तेव्हापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. देवाला जायचं तर दोघं एस.टी.नं जात. नागनाथरावांनी कधी आग्रह धरला नाही. नुसती गाडी नीट करत राहिले.

त्यांनी मला धुतलं, माझी आतली रबरं बदलली, नव्या नळ्या वाकवून मला गाडीखाली बसवलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाशी नट सैल करायचा. शेजारचा हरिओम बाजाराला गेलेला. नागनाथरावांना दम निघेना. त्यांनी बिचकतच बायकोला विचारलं.

बाईंचं सकाळचं मौन होतं. दुपारची आरती होईस्तोवर त्या बोलत नसत. बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग आल्या आणि स्टिअरिंगपुढं बसल्या.

त्या पायाचा थरकाप तेलातून माझ्यापर्यंत आला.

"दाबलं का?" गाडीखालून नागनाथरावांनी विचारलं. "देवाशी बोलायलीस, आमाला कसं कळावं?"

स्टिअरिंगवर बांगड्या वाजल्या. किण्. म्हणजे दाबलंय. नट सैल झाला, बुडबुडे निघाले. पुन्हा दाब, पुन्हा किण्. होता होता हवा सरली, ब्रेक कडक झाला. पायही स्थिरावला होता.

नागनाथराव एकटेच गावाबाहेर गेले आणि भर वेगात ब्रेक दाबला. मी ज्याचं त्याला दिलं. गाडी सुतासारखी सरळ थांबली.

परतले तेव्हा आरती झाली होती. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, एकदा घराकडं पाहिलं, आणि ते पुन्हा लावू लागले. तेवढ्यात घरातून आवाज आला, "दार लावू नका. चप्पल घालायलेय मी."

आता दर सोमवारी दोघं महादेवाला जातात. बाकीचे दिवस मी दारातल्या गाडीखाली, कोरड्या वाऱ्यात, त्या सोमवारची वाट पाहतो. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी असेल. तिला अधूनमधून रस्ता दाखवा, तिच्या ब्रेकचं तेल वेळेवर बदला. वाट पाहणाऱ्याला आतून सुकू देऊ नका.